राखण्याची दोनशे बारा अंडी

अहवाल एकशे सोळा पानांचा होता. त्यातल्या शेवटच्या पानावरचं एकच वाक्य वाचून डॉ. शैलजा तेंडोलकरांनी चहाचा कप बशीत इतक्या जोरात ठेवला, की बशीला चीर गेली.

‘सातविणीच्या घळीत दखल घेण्याजोगा जीव आढळला नाही.’

सोबतच्या पत्रात त्यांची सही मागितली होती. स्थानिक तज्ज्ञ म्हणून. केवळ औपचारिकता, असंही वर लिहिलं होतं. पत्राखाली नाव होतं सुजय मसुरकर. वीस वर्षांपूर्वी याच सुजयला त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली विंचवाचे पाय मोजायला शिकवलं होतं. आता तो सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत मोठा अधिकारी होता, आणि त्या कंपनीला काम दिलं होतं ‘धातुसृष्टी’ या खाणकंपनीने. धातुसृष्टीला घोडेसडा हवा होता. घोडेसडा म्हणजे घाटमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं दोन कोस लांब पठार. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचं खनिज होतं, आणि त्याच पोटात ती घळ होती.

शैलजाबाईंनी अहवालाची पानं उलटी चाळली. घळीची तपासणी श्वासयंत्राने केली होती. हे यंत्र आलं तेव्हा त्या स्वतःच हरखून गेल्या होत्या. प्रत्येक जीव जगता जगता काही ना काही सांडत असतो. केसाचा तुकडा, कातडीचा कण, लाळ, विष्ठा. त्यातला डीएनए धुळीबरोबर हवेत तरंगतो. श्वासयंत्र ती हवा ओढून घेतं, गाळतं, गाळणीवर उरलेला डीएनए वाचतं, जगभरच्या संग्रहाशी ताडून पाहतं आणि सहा तासांत त्या जागेत राहणाऱ्या जिवांची यादी छापून देतं. पूर्वी ज्याला चार माणसांची चार वर्षं लागत, ते काम एका सकाळीत.

यादीत त्रेसष्ट नावं होती. वटवाघळं, रातकिडे, गोमी. सगळी सर्वत्र सापडणारी. आणि तळाशी बारीक अक्षरात: ‘अनोळखी – अकरा. वगळले.’

त्यांनी फोन लावला.

“सुजय, हे अनोळखी अकरा म्हणजे काय?”

“संग्रहात जुळलं नाही ते, मॅडम.”

“म्हणजे अकरा जीव तिथे राहतात, ज्यांना अजून कुणी नाव दिलेलं नाही.”

“असतील. पण कायद्यात अनोळखीला रकाना नाही. नाव असेल तरच नोंद, नोंद असेल तरच संरक्षण.”

“माझ्या दारात अनोळखी माणूस उभा राहिला, तर दारात कुणीच नाही असं लिहिशील तू?”

सुजय हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. “मॅडम, रकाने मी आखलेले नाहीत,” तो म्हणाला.

त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घोडेसड्यावर गेल्या.

*

सड्याखालच्या धनगरवाड्यात नऊ घरं होती आणि पाणी एकच, घळीच्या तोंडाशी पाझरणारं. ते आणायला रोज जाणारी ठकूबाई झोरे त्यांना वाट दाखवायला तयार झाली. ठकूबाई साठीच्या पुढची, काटक, बोलायला मोकळी.

“बाय, पाय जपून टाक. हितं वाकावं लागतंय,” ती पुढून म्हणाली. “आन् त्यो दिवा जरा खाली धर. वर पाखरं निजल्याती.”

पाखरं म्हणजे वटवाघळं. त्यांच्या खालून दोघी वाकून, मग रांगत आत गेल्या. चाळीस पावलांवर उजेड संपला. सत्तर पावलांवर हवा इतकी दमट झाली, की चष्म्यावर पाणी धरलं. शैलजाबाई भिंतीची बोट-बोटभर जागा तपासत होत्या. तासभर काही दिसलं नाही. मग ठकूबाईनेच त्यांचं मनगट धरून दिवा एका कपारीकडे वळवला.

“ह्यो बग. राखण्या.”

कपारीत मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा, फिकट मधाच्या रंगाचा एक जीव बसला होता. पाय मात्र केसासारखे बारीक आणि शरीराच्या पंधरापट लांब. कुणीही त्याला कोळी म्हटलं असतं. पण कोळ्याच्या शरीराचे कमरेशी दोन भाग पडतात, याचं शरीर अखंड होतं. तो जाळं विणत नाही, त्याला विष नसतं. शास्त्रज्ञ या गटाला हार्वेस्टमन म्हणतात, आणि याच्या नातलगांच्या पाठीवर डोळ्यांसाठी एक छोटा उंचवटा असतो. याचा उंचवटा सपाट झाला होता आणि त्यावर डोळे नव्हते. किती लाख वर्षं अंधारात काढल्यावर डोळे असे विरघळून जातात, याचा हिशेब शैलजाबाईंच्या मनात आपोआप सुरू झाला.

त्याच्या पायांखाली मोत्यांसारखी अंडी होती.

“बाईल अंडी घालती आन् निगून जाती,” ठकूबाई म्हणाली. “ह्यो बापय बसतुया राखत. खात न्हाई, पित न्हाई. सासूनं दावला व्हता मला, नवी नवरी व्हते तवा.”

“तुमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे हा?”

“पानी भरनाऱ्या बायांस्नी हाय. बापयांस्नी कुटलं!”

शैलजाबाई त्या चिखलात बसूनच हसल्या. सहा तास हवा हुंगून यंत्राने ज्याला अनोळखी म्हटलं, त्याला या वाडीतल्या बायका नावाने ओळखत होत्या.

*

नव्या प्रजातीचं वर्णन करणं हे फार जुन्या पद्धतीचं काम आहे. नमुना जपावा लागतो, मोजावा लागतो, जवळच्या प्रत्येक ज्ञात प्रजातीहून तो कुठे वेगळा ते दाखवावं लागतं. हार्वेस्टमनमध्ये हा वेगळेपणा मुख्यतः नराच्या जननेंद्रियात सापडतो, आणि ते असतं मिलिमीटरच्या पाव भागाएवढं. शैलजाबाईंनी तीनच नमुने घेतले. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात, भुसा भरलेल्या घोरपडीशेजारच्या टेबलावर बसून त्यांनी शाईने एकवीस आकृत्या काढल्या. दर आठवड्याला घळीत जाऊन तापमान, दमटपणा, वाऱ्याचा वेग नोंदवला. राखण्या काय खातो ते पाहिलं. एका घरट्यातली अंडी एकेचाळिसाव्या दिवशी फुटून त्यातून पारदर्शक पिल्लं बाहेर आलेली पाहिली. घळीत एकूण साठेक राखणे असावेत, असा अंदाज मांडला. नावात त्यांनी ठकूबाईचं नाव घातलं, लॅटिन शेपूट लावून.

निबंध छापून आला तेव्हा त्या छापील पान घेऊन वाडीवर गेल्या.

“ह्यात माजं नाव हाय?” ठकूबाईने विचारलं.

“हो. आता जगात कुठेही याचा उल्लेख झाला, तर तुमच्या नावानेच होणार.”

ठकूबाईने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “मग आता सडा खांदत न्हाईत?”

“नाही. आता याची नोंद झाली. हा फक्त इथेच राहतो. आता हात लावता येणार नाही त्यांना.”

त्यांनी हे खात्रीने सांगितलं. त्यांना खात्री होतीच.

*

तीन महिन्यांनी सुजयचा फोन आला. आवाजात खराखुरा आनंद होता.

“मॅडम, अभिनंदन आणि आभार. तुमचा निबंध नसता तर हे शक्यच नव्हतं. राखण्या जतन झाला!”

“जतन म्हणजे?”

“जीवकपाटात. त्रेचाळीस आणले आम्ही. अंडीसुद्धा घातली, दोनशे बारा. प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या मंगळवारी शेवटची सुनावणी, मग घळ मोकळी.”

जैवनोंद कायद्याला मागच्या वर्षी एक कलम जोडलं होतं: एखादी प्रजाती तिच्या जागेबाहेर जिवंत ठेवून तिचं प्रजनन सिद्ध केलं, तर ती जागा संरक्षणातून वगळता येईल. ते कलम त्यांनी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण असले नाजूक जीव बाहेर दोन दिवससुद्धा जगत नसत. जीवकपाटाचा विचार त्यांनी केला नव्हता. उभ्या कपाटाएवढं ते यंत्र, आत चाळीस खण. प्रत्येक खणाची हवा, ऊब, ओल, अंधार वेगळा राखता येतो. त्याला फक्त कळावं लागतं, की कुणाला काय लागतं.

ते त्यांनीच कळवलं होतं. आठवड्या-आठवड्याच्या तक्त्यांसकट.

“साठातले त्रेचाळीस उचललेस तू?” त्या म्हणाल्या. “अरे, मी त्याला वाचवायला लिहिलं होतं ते!”

“वाचलाच की मॅडम! घळीत साथ आली, पूर आला तर संपला असता. इथे सुरक्षित आहे.”

“मला बघायचंय.”

“या ना,” सुजय म्हणाला. “तुमच्यासाठी कधीही.”

*

प्रयोगशाळा स्वच्छ होती, इतकी स्वच्छ की आत शिरण्याआधी केसांपासून तळव्यांपर्यंत जंतुनाशकाचा फवारा घ्यावा लागला. सुजयने कौतुकाने एकेक खण उघडून दाखवला. तांबड्या दिव्यात राखणे कृत्रिम दगडावर बसलेले दिसले. काही हलत होते. शैलजाबाईंनी मोजले, एकोणीस.

“त्रेचाळीस होते ना?”

“सुरुवातीला थोडे जातात. ते गृहीत धरलेलं असतं.”

“अंडी?”

खण क्रमांक सात. एक नर आपल्या अंड्यांवर लांब पाय पसरून बसला होता, अगदी कपारीत बसत असे तसा. त्याच्या पायांखालची अंडी काळी होती. त्यांवर राखाडी बुरशीची लव आली होती. नर दर थोड्या वेळाने दुसऱ्या जोडीचे लांब पाय त्या लवेवरून फिरवत होता. शैलजाबाईंनी पुढचा खण उघडायला लावला, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे तेच. नासलेल्या अंड्यांवर उपाशी बाप बसले होते.

“ही किती दिवसांची?”

“सगळ्यात जुनी ऐंशी दिवसांची.”

“मी एकेचाळीस लिहिलंय. वाचलंस ना? एकही फुटलं नाही, सुजय. एकही!”

सुजय खाली बघत म्हणाला, “कलमात ‘प्रजनन’ शब्द आहे, मॅडम. अंडी घातली की प्रजनन झालं, असा अर्थ जैवनोंद प्राधिकरणाने लावलाय. कॅमेरा अंडी मोजतो. दोनशे बारा.”

“आणि तू? तू काय मोजतोस?”

खण बंद करताना त्याने तो फार हळू सरकवला, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

*

तिथून त्या घरी गेल्याच नाहीत, थेट वाडीवर गेल्या. सुनावणीला चार दिवस होते. मधले तिन्ही दिवस, सकाळी उजेड झाल्यापासून दुपार कलेपर्यंत, त्या घळीत तांबडा दिवा लावून एकाच कपारीसमोर बसल्या. ठकूबाई भाकरी घेऊन येई, थोडा वेळ शेजारी बसे.

“सोळा राह्यल्यात,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “त्यांनी पोती भरून न्यावं तसं न्हेलं गं. मी म्हनलं, बायनं धाडल्यात का तुमास्नी? तर हो म्हनले.”

शैलजाबाईंना त्या अंधारातही तिच्याकडे बघवेना. “मी नव्हतं पाठवलं,” त्या एवढंच म्हणाल्या.

“ठावं हाय मला. तरी वाट तूच दावलीस.”

तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं. इतके महिने डोळ्यांसमोर असून न दिसलेलं. नर अंड्यांवरून उठला, वीतभर वर चढला. तिथे भिंतीवर पिवळसर, चिकट ओल होती, पाझराच्या पाण्याने जगणाऱ्या जिवाणूंची साय. नराने लांब पाय तीत घोळवले, परत आला आणि एकेका अंड्यावरून ते फिरवले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बुरशी मारणारं काहीतरी त्या सायीत होतं. तो अंडी राखत नव्हता, औषध लावत होता. प्रयोगशाळेतले बापही तेच करू पाहत होते. तिथे भिंतीवर ते औषधच नव्हतं. होती ती जंतुनाशकाने पुसून काढलेली स्वच्छता.

त्यांनी वही उघडली. पेन टेकवलं. आणि मग त्या तशाच बसून राहिल्या. हे एक पान त्यांनी लिहिलं, की दोन महिन्यांत जीवकपाटात पिवळी साय वाढेल. अंडी फुटतील. प्रमाणपत्राला बोट दाखवायला जागा उरणार नाही. मग घळ नाही, पाझर नाही, नऊ घरांचं पाणी नाही, आणि त्या सायीतल्या ज्या जिवांना अजून कुणी नाव दिलं नाही तेही नाहीत. राखण्या तेवढा खण क्रमांक सातमध्ये राहील, वीज असेपर्यंत.

पस्तीस वर्षांत त्यांनी पाहिलेली एकही गोष्ट लिहायची सोडली नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना इतका राग आला होता, की टोपण दोनदा हुकलं.

*

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात होती, दुपारी अडीचला. अध्यक्षस्थानी प्राधिकरणाच्या श्रीमती केळुसकर होत्या, मोजकं बोलणाऱ्या आणि सगळं लिहून घेणाऱ्या. वाडीतल्या बायका मागच्या रांगेत बसल्या होत्या. धातुसृष्टीच्या वकिलांनी पडद्यावर आकडा दाखवला: २१२. मग कुणाला प्रश्न आहेत का, असं विचारण्यात आलं.

शैलजाबाई उठल्या. “मला श्री. मसुरकरांना एकच विचारायचंय. त्या दोनशे बारांतून पिल्लं किती बाहेर आली?”

वकील लगेच म्हणाले, “कलमात तशी अट नाही.”

“अट मी विचारलीच नाही. मी आकडा विचारला.”

सुजय उभा राहिला. त्याने वकिलांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवून नको म्हणून खुणावलं. त्याने समोरचे कागद सरळ केले. मागून ठकूबाईचा आवाज आला, “बोल की रं लेकरा. येवढं काय त्यात!”

“एकही नाही,” सुजय म्हणाला. “सगळी नासली. नरसुद्धा मरतायत. उरलेत त्यांना फार तर महिना आहे.”

सभागृहात गलका झाला. श्रीमती केळुसकरांनी टेबलावर हात आपटून तो थांबवला आणि शैलजाबाईंकडे वळल्या.

“डॉक्टर तेंडोलकर, या प्राण्याचा तुमच्याइतका अभ्यास कुणाचा नाही. अंडी का नासतात, याचं कारण तुम्हाला माहीत आहे का?”

वकील सावध होऊन पुढे झुकले. सुजयही पाहत होता.

“नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. “माहीत नाही.”

आदेश संध्याकाळी पाचला निघाला. प्रमाणपत्र स्थगित. कपाटातल्या अंड्यांतून दुसरी पिढी जन्मून वाढेपर्यंत सड्यावर खोदकाम नाही. जिवंत उरलेले प्राणी आठ दिवसांत घळीत परत सोडावेत. मात्र कारण शोधायला कंपनीला संशोधनाची मुभा, आणि त्यासाठी लागतील तेव्हा सहा-सहा नमुने घेण्याचा परवाना. शेवटची ओळ वाचून शैलजाबाई तिथल्या तिथे इतक्या मोठ्याने बोलल्या, की शिपाई आत धावत आला. पण ओळ तशीच राहिली.

*

राखणे सोडायला सुजय स्वतः आला. त्याच्या हातात थंड पेटी होती आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र नव्हतं. नोकरीवरून कमी केल्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं होतं, हे त्याने वाटेत सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची बातमी सांगावी तसं. ठकूबाई पुढे, मग तो, मागे शैलजाबाई. रांगताना त्याचे गुडघे फुटले. एकोणिसांतले तेरा जिवंत होते. एकेकाला त्याने बोटावरून कपारीवर उतरू दिलं. त्या घाबरलेल्या जिवांनी सोडलेल्या आयोडिनसारख्या वासाने त्याचे हात भरले.

बाहेर आल्यावर तो पाझराशी हात धुवायला वाकला. मग न धुताच सरळ झाला.

“मॅडम, तुम्ही तीन दिवस घळीत बसला होतात. ठकूबाईंनी सांगितलं.”

“बसले होते.”

“तुम्ही तीन दिवस बसलात आणि तुम्हाला काही दिसलं नाही, हे मला पटत नाही. तुम्ही सुनावणीत खोटं बोललात.”

“हो.”

“मी खरं बोललो म्हणून घरी बसलोय.”

“ठाऊक आहे मला. त्याचं ऋण मी विसरणार नाही.”

“मग मला तरी सांगा. मी आता त्यांचा नाही. मला फक्त कळून घ्यायचंय. ऐंशी दिवस ती अंडी काळी पडताना पाहिली मी. झोपताना तेच दिसतं. काय चुकलं आमचं?”

शैलजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. विद्यार्थी असताना उत्तर कळेपर्यंत तो असाच अडून बसायचा, आणि त्या नेहमी सांगायच्या. त्यासाठी कित्येकदा त्यांनी शेवटची एस.टी. चुकवली होती. सांगणं हाच त्यांचा धंदा होता. धातुसृष्टीची माणसं पुढच्याच आठवड्यात सहा नमुने न्यायला येणार होती, त्यानंतर पुन्हा सहा. आज ना उद्या कुणीतरी हुशार पोरगं निर्जंतुक भिंतीकडे बघून थबकेल, हेही त्यांना कळत होतं. तो दिवस जितका लांबेल तितका लांबवणं, एवढंच हातात होतं. आणि त्यासाठी आपल्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थ्याला अडाणी ठेवायचं, हे काम या लोकांनी त्यांना लावलं होतं.

“नाही सांगणार, सुजय,” त्या म्हणाल्या. “तुलासुद्धा नाही.”

तो रिकामी पेटी उचलून सडा उतरू लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ठकूबाईने कळशी पाझराखाली लावली, आणि ती भरेपर्यंत शैलजाबाईंच्या मुठी आवळलेल्याच होत्या.